चूभूकाका

जुन्या छापील बिलांच्या तळाशी, सहीच्या डाव्या अंगाला, बारीक टायपात 'चू.भू.द्या.घ्या.' असं असायचं. चूकभूल द्यावी घ्यावी. वाण्यापासून वखारवाल्यापर्यंत सगळे ते छापून मोकळे होत आणि गिऱ्हाईक ते न वाचता बिल खिशात घाली. त्या चार अक्षरांचा खरा अभ्यास केला तो आमच्या पेठेतल्या एका गृहस्थांनी. त्यातलं 'द्यावी' त्यांनी तरुणपणीच गाळलं आणि नुसत्या 'घ्यावी'वर उभा जन्म काढला. त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. रेशनकार्डावर ते एक आहे, वीजबिलावर दुसरं, मतदारयादीत तिसरं, आणि तिन्हींचा त्यांना कधी ना कधी उपयोग झालेला आहे. पेठ त्यांना चूभूकाका म्हणते. तोंडावर म्हणते. काकांना त्यात काही वावगं वाटत नाही. 'पदवी आहे ती,' असं ते म्हणतात.

पुण्यात चुका करणाऱ्यांपेक्षा चुका काढणारे जास्त, हे जगजाहीर आहे. पाटीवरची ऱ्हस्व वेलांटी पाहून दुकानाची पायरी न चढणारी माणसं इथे आहेत (आणि त्यांचं काही अडत नाही, कारण शेजारचं दुकान दीर्घ असतं). चूभूकाका ह्या दोन्ही जमातींत बसत नाहीत. ते चुका काढत नाहीत, आणि करताना कधी कुणाला सापडलेले नाहीत. त्यांच्या बाबतीत चूक 'होते'. एकदा झाली की काका तिला बसू देत नाहीत, कामाला लावतात.

सत्तरी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि एक भिंग. सकाळी पेपर आला की आपण मथळे बघतो, काही जण थेट राशिभविष्याकडे वळतात. काका आतलं पान उघडून जाहीर नोटिसा, निविदा आणि शुद्धिपत्रकं वाचतात. 'बातमीत जे घडून गेलं ते असतं, त्याचं आपण काय करणार? शुद्धिपत्रकात कुणाचं काय चुकलं ते असतं. ते उपयोगी पडतं.'

त्यांची आणि माझी गाठ पडली ती गल्लीतल्या छापखान्यात. मी तिथे प्रुफं तपासायला बसत असे. ऑफसेट अजून गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं. खिळे, केस, चिमटा, गॅली, आणि दुपारी तीनला चहासाठी गायब होणारा कंपोझिटर, असा तो काळ. काकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका छापायला आली होती. घरात मोठा वाद झाला होता म्हणे. काकांना पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ हवी होती, कारण पेठेतल्या दोन-तीन प्रतिष्ठित घरांनी नुकतीच ती छापली होती. काकूंना आहेर हवा होता, कारण गेली वीस वर्षं त्यांनी लोकांना तो केला होता आणि वहीत लिहून ठेवला होता. दोघांचंही म्हणणं रास्त होतं.

इथे छपाईतली एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. खिळ्यांच्या जुळणीत दोन शब्दांमधली मोकळी जागा ही नुसती जागा नसते. तो शिशाचाच तुकडा असतो, फक्त त्यावर अक्षर नसतं आणि तो खिळ्यांहून बुटका असतो. बुटका म्हणून त्याला शाई लागत नाही आणि कागद तेवढा कोरा राहतो. चिमट्यानं हा तुकडा उचलून एका अक्षराच्या पलीकडे ठेवायला शाळकरी पोरालाही अर्धं मिनिट पुरे. त्या दिवशी तीन वाजता कंपोझिटर चहाला गेला होता, मालक बँकेत गेले होते आणि काका 'जरा प्रूफ बघतो' म्हणून आत बसले होते. कुणी काही पाहिलं नाही. चारशे पत्रिका छापून झाल्या, वाटून झाल्या, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की तळाला 'कृपया आहेर आणून ये' असं छापलं आहे.

अक्षर एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पेठ आठ दिवस हसत होती. पण हसता हसता प्रत्येक जण पेचात पडला. मूळ ओळ काय असणार हे सगळ्यांना कळत होतं, पण छापलेलं वाचल्यावर रिकाम्या हातानं जायला कुणाचा पाय उचलेना. लग्नाच्या दिवशी काका कार्यालयाच्या दारात हात जोडून उभे. 'प्रेसवाल्यानं घोटाळा केला हो! अगदी शरमेनं मान खाली गेली. तुम्ही कशाला आणलंत?' असं प्रत्येकाला म्हणत. जोडलेले हात उघडले की त्यात पाकीट असे. आत काकू वही घेऊन बसल्या होत्या.

छापखान्याचे मालक संतापले. त्यांनी त्या दिवसापासून नियम केला: प्रूफ गिऱ्हाइकानं वाचायचं, 'बरोबर आहे, छापावे' असं लिहायचं, खाली सही करायची, मगच फर्मा मशीनवर चढणार. काकांनी नियमाचं मनापासून स्वागत केलं आणि पुढच्या कामाला निमूट सही केली. वर्षभरानं पुन्हा काही वाद झाला तेव्हा मालकांनी जपून ठेवलेलं प्रूफ काढून समोर आपटलं. काकांनी खिशातून भिंग काढलं, सही नीट निरखली आणि म्हणाले, 'ह्यात माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळलेलं आहे. मी माझंच आडनाव चुकीचं लिहीन का?'

छापण्यातल्या चुकीचं खापर मराठीत मुद्राराक्षसाच्या डोक्यावर फोडायची पद्धत आहे. बिचाऱ्या विशाखदत्ताच्या नाटकाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण नाव सोयीचं पडलं. मध्ययुगातल्या युरोपात मठांमध्ये पोथ्या उतरवून काढणाऱ्यांनीही टिटिव्हिलस नावाचा एक सैतान ह्याच कामी नेमला होता. नकलेत चूक झाली की ती त्याची. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना भरून आलं. 'म्हणजे सोय सगळीकडे होती!'

तेव्हापासून ते मला जाणकार समजू लागले आणि त्यांनी आपली फाइल मला उघडून दाखवली. जगातल्या नामांकित चुकांची कात्रणं त्यांनी तारीखवार लावलेली आहेत. प्रत्येकाच्या समासात काकांचा शेरा आहे. हा दस्तऐवज एखाद्या विद्यापीठाकडे जावा अशी माझी इच्छा आहे, फक्त तो हाती घेणाऱ्यानं पावती देऊ नये.

पहिलं कात्रण १६३१ सालचं. लंडनचे राजमुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस ह्यांनी बायबल छापलं आणि दहा आज्ञांपैकी 'व्यभिचार करू नको' ह्या आज्ञेतला नकार गळाला. देवाची आज्ञा म्हणून भलतीच मोकळीक छापली गेली. राजानं तीनशे पौंड दंड केला, छपाईचा परवाना गेला, मिळतील तेवढ्या प्रती जाळल्या. प्रतिस्पर्धी मुद्रकानं मुद्दाम घातपात केला असाही एक तर्क आहे. समासात काकांचा शेरा: 'जागा चुकली. इतका मोठा नकार गाळायचा तर छापणाऱ्याला त्याचा काही लाभ हवा. इथे लाभ वाचणाऱ्याला, दंड छापणाऱ्याला.' त्याखाली वेगळ्या शाईत, नंतर लिहिलेलं: 'वाचलेल्या प्रती आज लाखोंना जातात. वारसांकडे एक तरी ठेवायला हवी होती.'

दुसरं कात्रण १९३४ सालच्या वेब्स्टर शब्दकोशाचं. घनता ह्या अर्थी मोठा किंवा छोटा 'डी' वापरतात, एवढंच सांगणारी एक चिठ्ठी कचेरीत भलत्याच गठ्ठ्यात गेली, 'डी ऑर डी' ही अक्षरं एकत्र वाचली गेली आणि 'डॉर्ड' नावाचा शब्द कोशात दाखल झाला. अर्थ: घनता. १९३९ साली एका संपादकाला ह्या शब्दाला व्युत्पत्तीच नाही हे दिसलं, तेव्हा कुठे तो सापडला. काकांचा शेरा: 'पाच वर्षं राहिला. भाडं नाही, करार नाही.' पेठेतल्या वाड्याचे मालक असल्यामुळे त्यांना हे जास्त लागलं असावं.

पण काकांचं दैवत म्हणजे विल्यम रोबी. १९१८च्या मे महिन्यात हा वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत गेला आणि नव्या विमानटपालाच्या चोवीस सेंटांच्या तिकिटांचा शंभरचा अख्खा ताव त्यानं चोवीस डॉलरना मागितला. तिकीट दोन रंगांचं होतं, म्हणजे कागद यंत्रातून दोनदा जायचा. एका फेरीत चौकट, दुसऱ्या फेरीत निळं विमान. एक ताव फिरून उलटा गेला आणि शंभरच्या शंभर विमानं पालथी उडू लागली. रोबीनं ताव हातात घेतला, पैसे दिले आणि आणखी आहेत का विचारलं. टपाल खात्याचे निरीक्षक मागे लागले, धाकदपटशा झाला, हा बधला नाही. आठवड्याच्या आत ताव पंधरा हजार डॉलरना विकला. पुढे त्यातल्या एकेका तिकिटानं लिलावात दहा लाख डॉलरच्या वर उडी मारली. 'चूक ओळखली, बोंब मारली नाही, पावतीनिशी खरेदी केली,' काका म्हणतात, 'ह्याला म्हणतात चारित्र्य.'

मी त्यांना म्हटलं, काका, आपल्याकडे ह्याच्या कितीतरी आधी, १८५४ साली, कलकत्त्याला छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं खाली झालं होतं. तेच कारण, दोन रंग आणि दोन फेऱ्या. अतिशय दुर्मीळ तिकीट आहे. झालं. काकांनी त्या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या ट्रंका उपसल्या. आजोबांच्या पत्रव्यवहारात राणी निघाली, पण सरळ. काका तिच्याकडे बराच वेळ नाराजीनं पाहत होते.

फाइलच्या शेवटाला शेअर बाजार आहे. ८ डिसेंबर २००५, टोकियो. जे-कॉम नावाच्या नव्या कंपनीचा एक शेअर ६ लाख १० हजार येनना विकायचा होता; दलालाच्या माणसानं आकडे उलटे भरले आणि ६ लाख १० हजार शेअर एका येनला विकायला काढले. कंपनीचे एकूण शेअर होते साडेचौदा हजार. संगणकानं सूचना दिली, ती कुणी मनावर घेतली नाही. दलाल कंपनी सुमारे ४,००० कोटी येनना बुडाली आणि घरी बसून व्यवहार करणाऱ्या एका तरुणानं काही मिनिटांत २०० कोटी येन मिळवले. काही बड्या संस्थांनी मात्र असा नफा ठेवून घेणं बरं दिसत नाही म्हणून तो सोडून दिला. ह्या शेवटच्या वाक्याखाली काकांनी दोनदा रेघ मारली आहे आणि समासात एकच शब्द: 'गाढवं!'

आपल्याकडेही ५ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईतल्या एका दलालाकडून साडेसहाशे कोटींच्या चुकीच्या विक्रीच्या ऑर्डरी गेल्या, निफ्टी काही क्षणांत नऊशे अंकांनी कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. काका त्या सकाळी बँकेत पासबुक भरून घ्यायच्या रांगेत होते. ते शल्य आजही आहे. नातवानं नंतर त्यांना डीमॅट खातं काढून दिलं. ते रोज सकाळी सव्वानऊला ते उघडून बसतात आणि कुणाचं बोट घसरायची वाट बघतात.

फाइलमध्ये 'ध'चा 'मा' कसा नाही, असं मी एकदा विचारलं. शनिवारवाडा काकांच्या गच्चीवरून दिसतो. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्यांना धरण्याच्या हुकमात 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, ही कथा पेठेत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते, इतिहासकार मग काहीही म्हणोत. काकांनी हातानं ती उडवून लावली. 'ती चूक नव्हे, खाडाखोड. दोन्हींत फरक आहे. खाडाखोड करणाऱ्याला हेतू विचारतात. चूक करणाऱ्याला चहा विचारतात. आणि हिशेब तरी बघा! एक अक्षर बदललं, आणि अडीचशे वर्षं नाव खराब.'

हे काकांचं तत्त्वज्ञान. व्यवहारात ते कसं उतरतं हे पाहायचं तर त्यांच्या सातबाऱ्याचं प्रकरण बघावं. भोरकडच्या गावी त्यांच्या वाटणीला वडिलोपार्जित आठ गुंठ्यांचा तुकडा आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा काकांच्या उताऱ्यावर दोन चुका झाल्या. एक, वडिलांच्या नावावरचा अनुस्वार उडाला. दोन, क्षेत्राच्या रकान्यात शून्य पूर्णांक शून्य आठ हेक्टरऐवजी शून्य पूर्णांक आठ शून्य आलं, म्हणजे आठ गुंठ्यांचे दोन एकर झाले. काका उतारा घेऊन त्याच दिवशी तहसील कचेरीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती, हे त्यांना तोंडपाठ. अर्ज, प्रतिज्ञापत्र, जुन्या उताऱ्याची नक्कल, सगळं जोडलं. पंधरा दिवसांत अनुस्वार जागेवर बसला.

'आणि क्षेत्र?' मी विचारलं.

'क्षेत्र? ते सरकारचं काम. आपण त्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये.'

एकाच कागदावरच्या दोन चुका, आणि काकांना फक्त एकच दिसली. ह्यातच त्यांची सगळी विद्या आली. छापखान्यात इतकी वर्षं प्रुफं वाचून माझं एक मत झालं आहे: खऱ्या चुकीला बाजू नसते. कंपोझिटर झोपेत असला तर यजमानाचंही नाव चुकवतो आणि पाहुण्याचंही, 'कार्यसम्राट'चं 'कर्जसम्राट' होतं आणि 'शोकाकुल' कुटुंबीय 'शौकाकुल' होतात. त्यात कुणाचं भलं नाही. काकांच्या चुका मात्र एकाच अंगाला कलतात, नेहमी काकांच्या. भावकीनं बोंब मारल्यावर क्षेत्र पुढे दुरुस्त झालं म्हणा. पण तोवर दोन सोयरिकी 'गावी दोन एकर' ह्यावर बोलून झाल्या होत्या.

दुसऱ्याचं छापलेलं ते वेदवाक्य आणि स्वतःचं छापलेलं तो मुद्राराक्षस, असा त्यांचा साधा कायदा आहे. दिवाळीत एका भांड्यांच्या दुकानाचं पत्रक पेपरात आलं. कुकर १,९९५ रुपयांऐवजी १९५. दुकान उघडायच्या आधी काका पायरीवर. 'चार द्या.' दुकानदार म्हणाला, छापखान्याची चूक आहे. काका म्हणाले, 'छापखान्याशी माझं काय देणंघेणं? पत्रकावर नाव तुमचं आहे.' जाहिरात म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नसतो, ते नुसतं गिऱ्हाइकाला बोलावणं असतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दुकानदाराला नव्हतं. तासाभरानं काका एक कुकर निम्म्या किमतीत आणि वर एक गाळणी घेऊन बाहेर पडले. त्याच महिन्यात त्यांनी वाड्यातल्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची जाहिरात दिली: भाडं ८,०००. सकाळी सातपासून रांग लागली. काका एकेकाला खोल्या दाखवत, नळाला पाणी येतं ते दाखवत, ऊन कुठून येतं ते दाखवत, आणि माणूस मनानं आत राहायला आला की म्हणत, 'आठ नव्हे हो, अठरा. छापताना एक पडला. आता काय करणार, पेपरवाले!' सोळावर भाडेकरू मिळाला. तो अजूनही दोन हजार वाचवल्याच्या आनंदात आहे.

त्यांची सर्वांत उत्तम कामगिरी मात्र देणगीची. पेठेतल्या एका संस्थेच्या इमारतनिधीसाठी समारंभ होता. काकांनी व्यासपीठावर जाऊन धनादेश दिला, अध्यक्षांनी आकडा वाचला, 'पन्नास हजार!' टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, स्मरणिकेच्या देणगीदारांत काकांचं नाव पहिल्या पानावर, जाड टायपात. चार दिवसांनी बँकेनं धनादेश परत केला. अंकांत ५०,००० होते आणि अक्षरांत 'रुपये पाच हजार फक्त'. कार्यवाह धावत काकांकडे. काका हळहळले. 'हात थरथरतो हो हल्ली.' दुसरा धनादेश लिहायला त्यांनी लगेच चेकबुक काढलं आणि पाच हजारांचा लिहिला. कार्यवाहांचा चेहरा पाहून म्हणाले, 'पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम १८. अंक आणि अक्षर ह्यांत तफावत आली तर अक्षरी रक्कम खरी धरतात. कायद्याबाहेर मी कसा जाऊ?'

'मग स्मरणिकेत छापलंय त्याचं काय?'

'शुद्धिपत्रक काढा. अगदी जरूर काढा. छपाई, टपाल धरून तीनेक हजार येतील. म्हणजे माझ्या देणगीतले दोन उरतात.'

शुद्धिपत्रक निघालं नाही. काकांच्या दिवाणखान्यात त्या पानाची चौकट लावलेली आहे.

ह्या सगळ्यात मला वाईट कुणाचं वाटत असेल तर छापखान्याच्या मालकांचं. खिळे भंगारात गेले, डीटीपी आलं, मालकांचा मुलगा संगणकावर बसू लागला. काका मात्र गिऱ्हाईक म्हणून कायम. निवडणुकीच्या दिवसांत तर ते छापखान्यातच मुक्कामाला असत, सल्लागार म्हणून, कुणी बोलावलं नसताना. २०१४च्या लोकसभेला रायगडात विजयाचं अंतर २,११० मतांचं होतं आणि पडलेल्या उमेदवाराशी नाव-आडनाव तंतोतंत जुळणाऱ्या एका अपक्षानं ९,८४९ मतं घेतली होती, हे सांगताना काकांचा आवाज खाली येई. 'छपाईची एकसुद्धा चूक नाही त्यात. सगळं शुद्ध. ह्याच्या पुढे कला नाही.'

आणि मग गेल्या वर्षी नातवाची मुंज आली.

पत्रिका आली ती 'रविवार, दि. ११' अशी. रविवार बारा तारखेला होता. अर्धी पेठ वार वाचते, अर्धी तारीख. शनिवारी अकराला साडेअकराच्या सुमारास ठेवणीतले कपडे घालून चाळीसेक माणसं वाड्याच्या दारात. आत काका बनियनवर, पंख्याखाली, डीमॅट बंद म्हणून स्वस्थ. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि पिठल्याचं आधण ठेवलं. काका दारात आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचेना. 'अहो, ही खरंच प्रेसची चूक आहे!'

'हो हो, काका,' लोक म्हणाले आणि एकमेकांकडे पाहून हसले.

'खरंच! शपथ घेऊन सांगतो!'

जितकी शपथ घेतली तितका लोकांचा विश्वास उडाला. पिठलं-भात खाता खाताच तर्क सुरू झाले. आचाऱ्याशी ताटांवरून काही वाद असेल, गर्दी दोन दिवसांत विभागायची असेल. व्याह्यांकडची माणसं शनिवारी येऊन परत जावीत असा डाव असेल, असं एक बाई म्हणाल्या. त्या व्याह्यांकडच्याच होत्या. एक निवृत्त ऑडिटर पानावर बोटानं आकडेमोड करत होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच कुतूहल: ह्यात काकांचा फायदा काय? तो सापडेना, म्हणून काकांविषयीचा आदर आणखी वाढला.

रविवारी रात्री हॉलवरून आल्यावर काकूंनी वही उघडली. शनिवारी आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी बटूच्या हातात पाकीट ठेवलं होतं. रविवारी तीच माणसं खऱ्या मुंजीला आली, आणि रिकाम्या हातानं पायरी कशी चढायची म्हणून त्यांनी पुन्हा पाकीट दिलं. काकांनी बेरीज दोनदा तपासली. भिंग लावून तपासली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कट्ट्यावर आले तेव्हा 'प्रेसची चूक' हे शब्द त्यांच्या तोंडातून पार गेले होते. कुणी विचारलं की ते नुसतं गालात हसत आणि म्हणत, 'असतात काही हिशेब.'

खरी गोष्ट छापखान्याच्या मालकांनी मला सांगितली, शटर अर्धं ओढून. मुलानं आधीच्या गिऱ्हाइकाच्या मुंजीच्या पत्रिकेची फाइल उघडली होती, नावं बदलली, गोत्र बदललं, हॉल बदलला, तारीख तशीच राहिली. घाईत प्रूफ काकांना दाखवलंच नाही. मालक दोन दिवस जीव मुठीत धरून बसले होते की काका आता पत्रिकांचे पैसे बुडवणार. काकांनी सगळे पैसे चुकते केले. वर मुलाला पेढे दिले.

परवा मी छापखान्यात असताना काका आले. पंचाहत्तरी जवळ आली होती, शांत करायची होती, पत्रिका हवी होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मुलाला हळूच म्हणाले, 'मागच्या वेळेसारखं तारखेचं काही जमेल का? वार एक, तारीख एक. पण चूक स्वाभाविक दिसली पाहिजे, काय?'

मालक गल्ल्यावरून उठले. 'काका, काय हवंय ते लेखी द्या. खाली सही करा. ह्या वेळी पूर्ण नावानं.'

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. 'लेखी?' ते म्हणाले. 'नको रे बाबा. लेखी दिलं की चुका होतात.'